ज्ञानकोश : संशोधनाचा उंबरठा

लोणार सरोवराचा शोध घेताना मी ग्रंथालयात आधी कोश उघडतो. पण नोंदीपूर्वी खंडाचे प्रकाशनवर्ष पाहतो. केतकरांचा महाराष्ट्रीय ज्ञानकोश १९२०च्या दशकातला. लोणारचे विवर आघाताने झाल्याचा भक्कम पुरावा १९७३ साली, तिथल्या बेसाल्टमधील खुणांवरून पुढे आला. तोवर ते ज्वालामुखीचे मानणारे अनेक होते. म्हणून जुना कोश टाकाऊ ठरत नाही. त्या काळाला काय ठाऊक होते, याचा तो साक्षीदार आहे. त्याच्यापासून १९१०च्या बुलढाणा जिल्हा गॅझेटियरकडे, तिथून लोणारच्या काच-साबणाच्या क्षारांची दखल घेणाऱ्या ‘आईन-ए-अकबरी’कडे जावे. नोंदीवरून नोंद उतरवत राहिलो, तर आमच्या जिल्ह्याचा इतिहास उंबरठ्यावरच थांबेल.