फ्रायव्हीलच्या आधीची सायकल

सायकल हाताने ढकलत नेताना मागच्या चाकातून जी टिकटिक ऐकू येते, ती सायकलच्या मूळ घराण्यातली नव्हे. ती नंतर आली. पेणच्या बाजारात किंवा रोह्याच्या स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर कुठल्याही दुरुस्तीवाल्याकडे फ्रायव्हील मागा, तो तेलकट डब्यातून एक दातेरी चकती काढून देईल. तिच्या पोटात बारीक खिट्ट्या असतात. त्या एका दिशेने अडकतात, दुसऱ्या दिशेने घसरतात, म्हणून उतारावर पाय स्वस्थ ठेवून बसता येते. ती चकती काढून तिच्या जागी खिट्ट्या नसलेले दातेरी चाक हबवर पक्के बसवले, की झाली फिक्स्ड गिअर सायकल. चाक फिरते आहे तोवर पायडल फिरणार आणि पायडल फिरते आहे तोवर पाय फिरणार. मुंबई-पुण्यातली काही मुले अशा सायकली हौसेने बनवून घेतात आणि बघणाऱ्यांना ते नवे फॅड वाटते. वंशावळ उलट आहे. फॅड असेल तर ते फ्रायव्हील, आणि तेही सव्वाशे वर्षांचे.

1817 मध्ये जर्मनीत कार्ल फॉन द्राइस याने दोन चाकांचे लाकडी यंत्र रस्त्यावर आणले, त्याला पायडल नव्हते. माणूस वर बसून जमिनीला पायाने रेटा देत पळायचा. 1860 च्या दशकात पॅरिसमध्ये पुढच्या चाकाच्या आसालाच पायडल लागले. पायडलचा एक फेरा म्हणजे चाकाचा एक फेरा, मध्ये काही नाही. मग वेग वाढवायचा कसा? चाक मोठे करून. त्यातून ती पुढे प्रचंड आणि मागे चिमुकले चाक असलेली उंच सायकल जन्मली, जी आज फक्त चित्रांत आणि संग्रहालयांत दिसते. चाक किती मोठे करायचे याला एकच मर्यादा होती, चालवणाऱ्याच्या पायाची लांबी. पन्नास ते साठ इंचांचे चाक असायचे आणि उंच माणसाला त्याहून थोडे मोठे चालायचे.

1885 मध्ये इंग्लंडातल्या कॉव्हेन्ट्रीत जॉन केम्प स्टार्ली याने 'रोव्हर' बाजारात आणली. दोन्ही चाके जवळजवळ सारखी, मध्ये पायडल आणि मागच्या चाकाला चेन. आपण आजही चालवतो तो साचा हाच. पण लोकांच्या डोक्यात हिशेब जुनाच राहिला. नव्या सायकलची 'ताकद' सांगायची तर ती किती इंची उंच सायकलीच्या बरोबरीची, असे सांगत. पुढच्या चेनव्हीलचे दाते भागिले मागचे दाते, गुणिले चाकाचा व्यास. पुढे 48, मागे 18 आणि चाक 27 इंची असेल तर उत्तर येते 72. म्हणजे ही छोट्या चाकांची सायकल एका फेऱ्यात 72 इंच व्यासाच्या चाकाइतकी पुढे जाते. एवढ्या मोठ्या चाकावर कोणाचा पाय पुरला नसता. उंच सायकल मेली, तिचे माप मात्र गिअर-इंच या नावाने इंग्लंडात टिकले. ते लक्षात ठेवावे, कारण पुढे रोह्याला पोचल्यावर ते लागणार आहे.

फ्रायव्हीलची कल्पना रोव्हरच्या आधीची आहे. अमेरिकेत विल्यम व्हॅन अँडन याने 1869 मध्येच तिचे पेटंट घेतले होते. पण ती तीस वर्षे पडून राहिली, आणि त्याचे एक कारण अगदी व्यवहारी आहे. मागचे चाक पक्के असेल तर पायाने मागे जोर देऊन सायकल रोखता येते. पाय सुटा केला की रोखायला दुसरे काहीतरी हवे, आणि तेव्हाचे ब्रेक टायरवर चमचा दाबावा तसे असत. अर्नेस्ट बोडन याच्या तारेच्या केबलचे पेटंट 1896 चे. रिमवर दाबणारे चांगले ब्रेकही त्याच सुमारास आले. मग 1900 च्या आगेमागे फ्रायव्हील सरसकट झाले. 1903 मध्ये जर्मनीत अर्न्स्ट झाक्स याने पायडल उलटे दाबले की ब्रेक लागणारा 'टॉर्पेडो' हब काढला, तेव्हा तर सामान्य माणसाला फिक्स्ड चाकाची गरजच उरली नाही.

तरीही ते टिकले. एक घर ट्रॅकवरच्या शर्यतीचे, जिथे ब्रेक लावायलाच बंदी असते. दुसरे घर सर्कशीचे. उलटी चालणारी, जागच्या जागी मागेपुढे डोलणारी सायकल फिक्स्डच असावी लागते. विष्णुपंत छत्र्यांनी 1880 मध्ये मराठी मुलखात सर्कशीचा धंदा रुजवला, त्यामुळे जत्रेतल्या तंबूत बसून ही सायकल आपल्याकडच्या कित्येकांनी तिचे नाव माहीत नसताना पाहिली आहे. तिसरे घर मात्र जरा चमत्कारिक आहे. ते पोलिसांच्या भीतीने बांधले गेले.

1894 च्या जुलैत लंडनच्या उत्तरेकडच्या रस्त्यावर एक शर्यत चालू होती. फ्रेडरिक टॉमस बिडलेक आणि त्याचे दोघे साथी एका घोडागाडीजवळून गेले, घोडा बिचकला आणि सगळे एकमेकांत अडकले. गाडी हाकणाऱ्या बाईंनी तक्रार केली. पोलिसांना रस्त्यावरच्या शर्यती आधीच खुपत होत्या, त्यात हे निमित्त मिळाले. सायकल संघटनेनेच मग आपल्या मंडळींना रस्त्यावर शर्यत नको म्हणून बजावले. बिडलेक वकिली बुद्धीचा माणूस असावा. शर्यत म्हणजे अनेकांनी एकत्र पळणे, मग एकत्र पळायचेच नाही, असा त्याने मार्ग काढला. एकेकाला ठरावीक अंतराने सोडायचे, प्रत्येकाने एकट्याने घड्याळाविरुद्ध चालवायचे, शेवटी वेळा मांडून नंबर लावायचे. 5 ऑक्टोबर 1895 रोजी नॉर्थ रोड क्लबने पन्नास मैलांची अशी पहिली चाचणी घेतली. टाइम ट्रायलचा जन्म हा असा.

पुढची कित्येक वर्षे हा खेळ लपूनछपून चालला. पहाटे, रस्ते रिकामे असताना. अंगात मानेपासून घोट्यापर्यंत काळे कपडे, म्हणजे लांबून हा शर्यतवाला आहे असे दिसू नये. कार्यक्रमपत्रिकेवर 'खासगी' असा शेरा, आणि मार्गाचे नाव न लिहिता अक्षर-आकड्यांची खूण. ती खुणेची पद्धत इंग्लंडात आजही चालू आहे, आता लपवायचे काही नसले तरी. बिडलेक 1933 मध्ये मोटारीच्या धडकेनंतर वारला. रस्त्यावर सायकलवाल्याने कोणाला त्रास देऊ नये म्हणून जन्मभर खटपट केलेल्या माणसाचा शेवट असा व्हावा, हे मला फार लागते.

या शर्यतीत फिक्स्ड चाक का टिकले हे वेगळे सांगायला नको. घोळक्यात पळताना दुसऱ्याच्या मागे दडून पाय थांबवावा लागतो, अचानक जोर करावा लागतो. एकटा पळणारा पहिल्या मिनिटापासून शेवटच्यापर्यंत एकाच लयीत पाय मारतो, त्याला थांबायचेच नसते. आणि सपाट रस्ता, एकच गिअर, कमी वजन, बिघडायला जवळजवळ काही नाही. 1956 मध्ये रे बूटी याने शंभर मैलांचे अंतर 3 तास 58 मिनिटे 28 सेकंदांत काढले; चार तासांच्या आत येणारा तो पहिला. सायकलला एकच फिक्स्ड गिअर, 84 इंची. हिशेब करा: ताशी साधारण साडेचाळीस किलोमीटर, म्हणजे मिनिटाला सुमारे शंभर फेरे, आणि ते चार तास, पाय एकदाही न थांबवता.

इंग्रज क्लबांनी आणखी एक शहाणपणाचा प्रकार रूढ केला. हंगामाच्या सुरुवातीच्या शर्यतीत गिअरवर 72 इंचांची मर्यादा घालायची. महागडी सायकल आणि पैलवानी मांड्या दोन्हींचा फायदा त्यात कमी होतो, गोल आणि भरभर पाय मारणारा पुढे जातो. 72 इंची गिअरला पायडलच्या एका फेऱ्यात सायकल पावणेसहा मीटर जाते. मिनिटाला नव्वद फेरे ठेवले तर ताशी 31 किलोमीटर.

घरी बसून सायकल बांधणाऱ्यांचा कुळस्वामी म्हणजे स्कॉटलंडचा ग्रॅहम ओब्री. त्याने स्वतः जोडलेल्या सायकलीत धुण्याच्या यंत्रातले बेअरिंग होते. 17 जुलै 1993 रोजी नॉर्वेतल्या हामारच्या ट्रॅकवर त्याने तासाभरात 51.596 किलोमीटर कापून विक्रम केला. आदल्या दिवशीचा प्रयत्न फसला होता, तरी दुसऱ्या सकाळी तो पुन्हा उतरला. सहा दिवसांनी ख्रिस बोर्डमनने 52.270 किलोमीटर करून तो विक्रम मोडला, आणि पुढच्या वर्षी आंतरराष्ट्रीय संघटनेने ओब्रीची बसण्याची पद्धतच बाद ठरवली. नियम करणारे आणि जुगाड करणारे यांचे भांडण बिडलेकपासून चालत आले आहे.

आपल्याकडच्या शर्यतींत फिक्स्ड चाक आले ते ट्रॅकवाल्यांबरोबर. 1948 च्या लंडन ऑलिम्पिकला भारताचा सायकल संघ गेला त्यात जहांगू अमीन, रुसी मुल्ला फिरोज अशी मुंबईची पारशी मंडळी होती. पुण्याजवळ बालेवाडीला 1994 च्या राष्ट्रीय खेळांसाठी क्रीडासंकुल उभे राहिले, तिथे सायकलचा ट्रॅकही आहे. पण मराठी माणसाच्या मनातली सायकल शर्यत म्हणजे मुंबई-पुणे. तिचा खरा निकाल रायगड जिल्ह्यात लागतो, खोपोलीच्या पुढे, बोरघाटात. तिथे पहिला येणाऱ्याला 'घाटाचा राजा' म्हणतात. आमचे शर्यतीचे वेड हे चढाचे वेड आहे. सपाटीवर एकट्याने घड्याळाशी झुंजण्याची परंपरा मात्र आपल्याकडे तशी रुजली नाही, आणि पेणचा खारेपाट पाहिला की ही उणीव जास्तच जाणवते.

कारण सायकल तर घरात आहे. अ‍ॅटलस, हीरो यांची ती काळी, 28 इंची, कॅरिअर-स्टँडवाली सायकल रोव्हरची थेट वंशज. तिची चेन अर्धा इंच पट्टीची आणि अष्टमांश इंच रुंदीची, म्हणजे ट्रॅकच्या सायकलीला लागते तीच. मागच्या चिमट्यातली आसाची खाच आडवी, त्यामुळे चाक मागे ओढून चेन ताणता येते. गिअरच्या नव्या सायकलींत हे जमत नाही. इतकेच काय, फ्रायव्हील ज्या आट्यांवर चढते त्याच मापाच्या आट्यांवर ट्रॅकचे पक्के दातेरी चाकही चढते. एकच गोष्ट कमी पडते आणि तीच जिवावरची. खऱ्या ट्रॅक हबला त्या आट्यांच्या बाहेर आणखी एक लहान पायरी असते, तिच्यावर उलटे आटे, आणि त्यांवर बसणारी उलट्या आट्यांची रिंग. पायाने मागे जोर दिला की दातेरी चाक सुटू पाहते, तेव्हा ही रिंग उलट आवळली जाते. साध्या हबला ती पायरी नाही. मग कोणी फ्रायव्हील वेल्डिंग करून जाम करतो, कोणी नुसते घट्ट आवळून भागवतो. असल्या सायकलवर उतारावर मागे जोर दिला आणि आटे सुटले, तर पाय मोकळे फिरतात आणि रोखायला काही उरत नाही. दुकानदार हे काम करायला तयार असला तरी त्याच्याकडून ते करून घेऊ नये. ट्रॅक हब मुंबईहून मागवावा, त्याच्या तारा नीट ओवून रिमचा आउट काढून घ्यावा, आणि पुढचा ब्रेक चांगला बसवावा.

दात्यांची निवडही विचाराने करायची. पुढे 48 आणि मागे 16 घेतले तर भागाकार बरोबर तीन येतो, आणि चाक घसरवून थांबण्याची सवय असेल तर टायर दर वेळी त्याच जागी झिजतो. 48 ला 17 घेतले की झीज सतरा ठिकाणी वाटली जाते.

पेणहून रोह्याला जायचे तर दोन रस्ते, आणि दोन्हीकडे खिंड. महामार्गाने नागोठण्यापुढे सुकेळी खिंड उतरून कोलाड, किंवा नागोठण्याहून वळून भिसे खिंड. 72 इंची फिक्स्ड सायकल अशा उतारावर ताशी 50 ला गेली तर पाय मिनिटाला 145 फेरे मारतात. ते सरावाचे काम आहे, हौसेचे नव्हे. महामार्गाविषयी न बोललेले बरे. पनवेल-इंदापूर टप्प्याचे चौपदरीकरण 2011 मध्ये सुरू झाले आणि पुढची दहा-बारा वर्षे पाठीच्या कण्याने त्याचा हिशेब ठेवला. शिवाय वडखळचे कंटेनर आणि धाटाव एमआयडीसीचे टँकर. म्हणून शर्यतीला गावाबाहेरचा आडरस्ता आणि पहाटच हवी, पण बिडलेकसारखी पोलिसांना चुकवायला नव्हे, त्यांची रीतसर परवानगी घेऊन. पहाटेला वाराही पडलेला असतो. सूर्य वर आला की खारे वारे सुटतात, आणि जाऊन-येऊन मार्ग असला तरी हिशेब फिटत नाही: वाऱ्याविरुद्ध जितका वेळ जातो त्यापेक्षा वाऱ्याबरोबरचा वेळ थोडा असतो, त्यामुळे तोटा भरून येत नाही.

आता ते माप. 28 इंची चाक, पुढे 44 दाते, मागे 18 दात्यांचे फ्रायव्हील, ही आपल्याकडच्या साध्या सायकलीची नेहमीची जुळणी. तिचा गिअर येतो 68 इंच. म्हणजे पेणला दूध घालायला येणाऱ्याची सायकल इंग्रज क्लबच्या 72 इंची मर्यादेत जशीच्या तशी बसते. पेण आणि रोह्याच्या शाळा-महाविद्यालयांतल्या क्रीडाशिक्षकांना म्हणून विनंती आहे, की पावसाळा संपला की एका रविवारी पहाटे दहा मैलांची, म्हणजे सोळा किलोमीटरची एक चाचणी घ्या. गिअर 72 इंचांच्या आत, एकेका मिनिटाने एकेकाला सोडायचे, हेल्मेट आणि पुढचा ब्रेक सक्तीचा. पहिल्या वर्षी सगळ्यांनी फ्रायव्हीलवरच चालवावे. फिक्स्ड चाक ज्याला बसवायचे त्याने हिवाळाभर सराव करून मग बसवावे. सामान म्हणाल तर एक घड्याळ, एक वही आणि वळणावर उभा राहणारा एक भरवशाचा माणूस पुरेल.