दारू प्यायला, म्हणून मारले?

वसतिगृहात मारामारी झाली की कारण तयारच असते: पोरगा प्यायलेला होता. सहानुभूतीने बोलणारे आणखी मागे जातात. लहानपणी सोसलेले, त्यात परीक्षेचा ताण, म्हणून दारू. दारू चढली म्हणून हात उठला. हा पूर्वपक्ष ऐकायला सुसंगत वाटतो, पण त्याची एकेक कडी तपासून पाहावी.

पहिली कडी बरीचशी खरी आहे. फेलिटी आणि आन्डा यांनी १९९८ मध्ये नऊ हजारांवर अमेरिकी प्रौढांची पाहणी प्रसिद्ध केली. बालपणी चार किंवा अधिक प्रकारचे आघात सोसलेल्यांत दारूचे व्यसन, अमली पदार्थ, नैराश्य, आत्महत्येचा प्रयत्न यांचा धोका ४ ते १२ पट आढळला. तरीही प्रत्येक पेला दुःखापोटी भरला जात नाही. तरुण बहुतेक वेळा संगतीसाठी आणि मौजेसाठी पितात. दुःख विसरायला पिणारे कमी असतात, पण दारूपायी अडचणीत सापडण्याचा धोका त्यांना अधिक असतो.

दुसरी कडी कच्ची आहे. १९७५ मध्ये लँग आणि सहकाऱ्यांनी काही तरुणांना व्होडका घातलेले टॉनिक दिले, काहींना नुसते टॉनिक. पेल्यात काय आहे हे मात्र निम्म्यांना खोटेच सांगितले. आपण दारू प्यायलो असे ज्यांना वाटले, त्यांनी प्रयोगाच्या पुढच्या टप्प्यात समोरच्याला विजेचे अधिक तीव्र झटके दिले, मग पोटात दारू असो वा नसो.

मग दारू निर्दोष का? नाही. पुढे अनेक प्रयोगांचे एकत्रित परीक्षण झाले, तेव्हा खऱ्या मद्यानेही आक्रमकता वाढते असे दिसले. स्टील आणि जोसेफ्स यांनी १९९० मध्ये त्याचे कारण मांडले: नशेत लक्ष आखडते, समोरचा अपमान तेवढा दिसतो, उद्याचे परिणाम दिसेनासे होतात. म्हणजे दारू आवर सैल करते. पण डिवचणारा प्रसंग आणि 'प्यायल्यावर सगळे माफ' ही समजूत बाहेरून येते.

आघाताचेही तसेच. विडम यांच्या १९८९ च्या अभ्यासात, छळ वा हेळसांड सोसलेल्या मुलांना पुढे हिंसक गुन्ह्यात अटक होण्याचे प्रमाण इतरांपेक्षा जास्त निघाले, तरी बहुसंख्यांच्या वाट्याला तशी अटक आली नाही.

तेव्हा ताण हे स्पष्टीकरण आहे, सबब नव्हे. आपला कायदाही स्वखुशीने प्यायलेल्याला नशेची सबब देत नाही. 'का पितोस?' हे समुपदेशकाने आपुलकीने विचारावे, 'का मारलेस?' याचा जाब शिस्त समितीने घ्यावा. एका प्रश्नाचे उत्तर दुसऱ्याला चालवून घेऊ नये.