लाकडी नौकेचा ट्रेलर : गाइड आणि बो-स्टॉप कसे निवडावेत?

मोटारीमागे ट्रेलर जोडून नौका पाण्यापर्यंत नेणे आणि संध्याकाळी परत आणणे आता नवलाचे राहिलेले नाही. ट्रेलर मात्र बहुधा फायबरग्लासच्या नौकांचा विचार करून बनविलेले असतात. त्यांवर जुनी लाकडी नौका ठेवायची झाल्यास दोन सुट्या भागांची निवड विशेष काळजीने करावी लागते. पहिला भाग म्हणजे गाइड, अर्थात नौका ट्रेलरवर चढताना तिला मध्यरेषेवर ठेवणारे खांब किंवा फळ्या. दुसरा भाग म्हणजे बो-स्टॉप, अर्थात नौकेची नाळ (पुढचे टोक) ज्याला टेकून थांबते तो ठोकळा किंवा रोलर. हे भाग चुकीचे निवडले गेले तर वार्निश खरवडले जाते, फळ्यांचे सांधे उकलतात, आणि घाटात करकचून ब्रेक लावण्याची वेळ आली तर गाडीतील माणसांच्या जिवावरही बेतू शकते.

या लेखातील सर्व तपशिलांच्या मुळाशी एकच सूत्र आहे : भार कण्याने घ्यावा, दिशा गाइडने द्यावी आणि थांबविण्याचे काम बो-स्टॉपने करावे. एका भागावर दुसऱ्याचे काम लादले की नुकसानीला सुरुवात होते.

क्लासिक नौका वेगळी का?

अमेरिकेतील मिशिगन राज्यातल्या अल्गोनॅक येथील ख्रिस-क्राफ्ट, किंवा इटलीतील इझेओ सरोवराकाठच्या सार्निको गावातील रिव्हा, या कारखान्यांच्या महोगनी नौका हे या प्रकाराचे सर्वपरिचित नमुने होत. रिव्हाची ‘अक्वारामा’ ही नौका १९६२ पासून १९९६ पर्यंत तयार होत होती. अशा नौकांच्या जतनासाठी १९७५ साली न्यूयॉर्क राज्यातील लेक जॉर्ज येथे अँटिक अँड क्लासिक बोट सोसायटी स्थापन झाली. या संस्थेच्या वर्गवारीत १९१९ ते १९४२ या काळातील नौका ‘अँटिक’ ठरतात, तर १९४३ पासून पुढच्या काही दशकांतील नौका ‘क्लासिक’ म्हणून ओळखल्या जातात.

फायबरग्लासची नौका म्हणजे एकसंध कवच. तिच्या तळाला चारदोन ठिकाणी आधार मिळाला तरी ती बराच ताण सोसते. लाकडी नौकेत मध्यभागी कणा, त्यावर आडव्या फासळ्या आणि फासळ्यांवर स्क्रूने आवळलेल्या फळ्या असतात. फळ्यांची पुढची टोके नाळेच्या उभ्या लाकडातील खाचेत बसविलेली असतात. दोन फासळ्यांच्या मधोमध एखादा रोलर रुतला, तर तेथे फळीशिवाय भार पेलणारे काहीच नसते. शिवाय नौका अनेक दिवस कोरड्यावर राहिली की लाकूड आकसते आणि सांधे आधीच सैल पडलेले असतात. त्यामुळे पाण्यात असताना सहज सोसला गेलेला दाब ट्रेलरवर घातक ठरू शकतो.

आधी आधार, मग बाकी सारे

नवा ट्रेलर घेणारे पुष्कळदा आधी गाइड खरेदी करतात, कारण ते डोळ्यांना दिसतात. खरा क्रम याच्या उलट आहे. प्रथम कण्याखालचा आधार निश्चित करावा. त्यानंतर वजनाच्या हिशेबाने बो-स्टॉपची जागा ठरवावी, मग त्याची उंची व आकार पाहावा आणि गाइड सर्वांत शेवटी बसवावेत.

लाकडी नौकेचा मुख्य भार कण्याखालच्या लांब फळीवर किंवा एका ओळीत बसविलेल्या कण्याच्या रोलरांवर असावा. दोन्ही बाजूंच्या कापड चढविलेल्या फळ्यांनी नौकेला केवळ कलंडू न देण्याचे काम करावे, आणि त्या शक्यतो तळातील लांबट तुळयांखाली याव्यात. अनेक लहान रोलरांचे गट असलेला ट्रेलर फायबरग्लासला सोयीचा असला, तरी फळ्यांच्या तळाला तो बिंदूबिंदूवर टोचतो. होडी वाळूवर ओढताना खाली आडवी लाकडे टाकून भार कण्यावर घेण्याची रीत आपल्या किनाऱ्यावरील मच्छीमारांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. ट्रेलरचे शास्त्रही त्याहून निराळे काही सांगत नाही.

बो-स्टॉपची जागा : दहा सेंटिमीटरचा प्रश्न

बो-स्टॉप पुढे-मागे सरकविला की नौकाही चाकांच्या तुलनेत पुढे-मागे सरकते आणि मोटारीच्या हुकावर पडणारे वजन बदलते. हे वजन फार कमी असेल, तर वेगात ट्रेलर सापासारखा डावी-उजवीकडे हेलकावू लागतो. फार जास्त असेल, तर मोटारीचा मागचा भाग दबतो आणि पुढच्या चाकांची पकड कमी होते. हुकावरचे वजन एकूण वजनाच्या किती टक्के असावे, याचे संकेत देशोदेशी व ट्रेलरच्या प्रकारानुसार साधारण ५ ते १५ टक्क्यांच्या दरम्यान आढळतात. मोटार आणि ट्रेलर यांच्या उत्पादकांनी दिलेली मर्यादा हीच अखेरची मानावी.

एक उदाहरण पाहू. नौका १,२०० किलोची, ट्रेलर ४०० किलोचा, म्हणजे एकूण वजन १,६०० किलो. हुकापासून चाकांच्या आसापर्यंतचे अंतर ४.५ मीटर आहे आणि हुकावर ११२ किलो, म्हणजे ७ टक्के वजन येते. आता बो-स्टॉप केवळ १० सेंटिमीटर पुढे घेतला, तर १,२०० गुणिले ०.१० भागिले ४.५ या हिशेबाने हुकावर सुमारे २७ किलो वाढतात आणि प्रमाण ८.७ टक्क्यांवर जाते. तेवढेच मागे घेतल्यास ते ५.३ टक्क्यांवर उतरते. वीतभरापेक्षा कमी अंतराचा हा परिणाम आहे. म्हणून जागा अंदाजाने ठरवू नये. इंधनाची टाकी भरून व नेहमीचे सामान नौकेत ठेवून, सपाट जमिनीवर ट्रेलरची दांडी हुकाच्या उंचीला वजनकाट्यावर टेकवावी आणि वजन प्रत्यक्ष मोजावे.

बो-स्टॉप सरकविताना नौकेच्या मागच्या टोकाकडेही पाहावे. मागची सपाट फळी आणि इंजिनाच्या बाजूचा तळ यांना आधाराच्या फळ्या शेवटपर्यंत पुरल्या पाहिजेत. मागचा भाग अधांतरी राहिला, तर कालांतराने तळाला वाक येतो आणि नौकेचा वेग व तोल दोन्ही बिघडतात.

उंची आणि आकार

नाळेवर विंचचा पट्टा अडकविण्याची कडी असते. बो-स्टॉप या कडीच्या वर यावा, कडी त्याच्या खाली राहावी. ब्रेक लागताच नौका पुढे सरकू पाहते आणि तिची नाळ वर चढू लागते. स्टॉप वर असेल, तर तो हे चढणे रोखतो. कडीच्या खाली बसविलेला स्टॉप मात्र नाळेला जणू पायरीच पुरवितो. विंचच्या पट्ट्याची ओढही साधारण सरळ रेषेत असावी.

तथापि कडी आणि स्टॉप यांच्यामध्ये थोडी मोकळी जागा हवीच. उतारावर ट्रेलर मागे झुकलेला असतो, पण पाण्यावरची नौका आडवी असते. त्यामुळे ट्रेलरच्या मानाने नाळ त्या क्षणी खाली असते. ट्रेलर वर ओढला की मागचा भाग फळ्यांवर बसतो आणि नाळ वर उचलली जाते. कडी स्टॉपला अगदी चिकटून असेल, तर ती खालून त्यात अडकते आणि तिचे बोल्ट नाळेच्या लाकडाला ताण देतात. याच हालचालीमुळे पाण्यात घट्ट टेकलेली नाळ सपाटीवर आल्यावर स्टॉपपासून किंचित दूर गेलेली दिसते. म्हणून सपाटीवर थांबून पट्टा पुन्हा आवळणे हा नेहमीच्या कामाचाच भाग समजावा.

आकाराचे मुख्य पर्याय दोन आहेत. पहिला आडवा रोलर. नाळ उभी व जाड असेल तर तो चालतो, परंतु स्पर्श एका अरुंद जागेवर होतो. दुसरा इंग्रजी ‘व्ही’च्या आकाराचा ठोकळा. तो नाळेला दोन्ही बाजूंनी सावरतो. क्लासिक नौकेसाठी हा प्रकार सहसा उजवा, मात्र त्याची खोबण नाळेच्या कोनाशी जुळली पाहिजे. खोबण अरुंद असेल, तर ठोकळ्याच्या कडा फळ्यांच्या टोकांवर दाब देतात आणि तेथील स्क्रू सैल होतात. नाळेवर चकचकीत धातूची पट्टी असल्यास तिला पोचे पडतात. खरा दाब नाळेच्या उभ्या लाकडावर यावा, दोन्ही गालांनी केवळ हलका स्पर्श करावा. नाळ जितकी तिरपी, तितकाच ठोकळाही तिरपा बसवावा. खरेदीपूर्वी स्टॉपच्या उंचीवर नाळेचा आडवा छेद जाड पुठ्ठ्यावर उतरवून घ्यावा आणि तो साचा दुकानात नेऊन ठोकळ्यात बसवून पाहावा.

काळे रबर वार्निशवर आणि पांढऱ्या रंगावर डाग सोडते, म्हणून डाग न पाडणारे पॉलियुरेथेन निवडलेले बरे.

ज्या खांबावर स्टॉप बसतो त्याची ताकदही पारखावी. करकचून ब्रेक लागल्यास गुरुत्वाकर्षणाच्या निम्म्याइतकी मंदता येऊ शकते. वरील उदाहरणातील नौकेला त्या क्षणी सुमारे ६०० किलो वजनाइतके बल पुढे ढकलते. आधाराच्या फळ्यांचे घर्षण त्यातील काही भाग शोषते, उरलेला सर्व खांबावर येतो. केवळ दोन यू-बोल्टांनी दांडीला आवळलेला खांब सरकू शकतो. त्याला पुढून तिरपा टेकू असावा.

गाइड : दिशा दाखविणारे, भार न घेणारे

गाइडचे तीन प्रकार प्रचलित आहेत. उभे खांब प्लॅस्टिकच्या नळीने झाकलेले असतात. रिकामा ट्रेलर मागे घेताना ते आरशात दिसतात आणि पाण्याखाली गेलेल्या ट्रेलरची जागा दाखवितात. मात्र वाऱ्याने नौका त्यांवर आदळली, तर सारा धक्का एकाच उभ्या रेषेवर बसतो. कापड चढविलेल्या लांब फळ्या नौकेच्या बाजूला समांतर बसतात, त्यामुळे धक्का अनेक फासळ्यांवर वाटला जातो. लाकडी नौकेसाठी याच अधिक सुरक्षित होत. तिसरा प्रकार उभ्या रोलरांचा. त्याने घर्षण कमी होते, पण दाब बिंदूवरच राहतो. दिसण्यासाठी मागे उंच खांब आणि नौकेला स्पर्श करण्यासाठी त्यांच्या किंचित आत लांब फळ्या, अशी जोडी अनेकांना सोयीची पडते.

अंतर मोजताना क्लासिक नौकांच्या आकाराचे भान ठेवावे. १९४० च्या सुमारास ख्रिस-क्राफ्टने बनविलेल्या ‘बॅरलबॅक’ नौकांचा मागचा भाग पिंपासारखा गोलाकार आत वळलेला आहे. मागच्या टोकाची रुंदी मोजून तेथे गाइड बसविले, तर नौकेचा रुंद मधला भाग त्यांतून जाणारच नाही. म्हणून माप नेहमी सर्वाधिक रुंदीचे घ्यावे, आणि तेही ज्या उंचीवर गाइड टेकणार त्याच उंचीवरचे. दोन्ही बाजूंना साधारण २ ते ३ सेंटिमीटर मोकळी जागा ठेवावी. गाइड अंगाला घट्ट चिकटविले, तर रस्त्यावरच्या प्रत्येक हिसक्याला ते वार्निश घासतात. फार दूर ठेवले, तर कणा आपल्या आधारावरून घसरेपर्यंत नौकेला कोणी अडवीत नाही.

मांडवी-जुवारीसारख्या भरती-ओहोटीच्या नद्यांत उतारावर आडवा प्रवाह असतो. अशा ठिकाणी ट्रेलर पुरता बुडाल्यावरही गाइडचे शेंडे पाण्यावर दिसले पाहिजेत. उतार जितका सौम्य, तितका ट्रेलर लांबवर आत न्यावा लागतो, हे खांबांची उंची ठरविताना लक्षात घ्यावे. मात्र ट्रेलर गरजेपेक्षा खोल नेला, तर नौका आधारावर न बसता तरंगतच राहते आणि तिरपी येते. अशा वेळी उत्तम गाइडही उपयोगी पडत नाहीत.

खारे पाणी आणि वाळू

फळ्यांवरचे कापड खारे पाणी धरून ठेवते आणि त्यात अडकलेली वाळू पॉलिश कागदाप्रमाणे वार्निश घासते. प्रत्येक फेरीनंतर कापड गोड्या पाण्याने धुवावे आणि झिजताच बदलावे. कापड ठोकलेल्या खिळ्यांची डोकी फळीच्या वरच्या बाजूला येता कामा नयेत. ट्रेलरची चौकट गॅल्व्हनाइज्ड आणि बोल्ट स्टेनलेस असावेत.

रस्त्यावर निघण्यापूर्वी

विंचचा पट्टा नौका चढविण्यासाठी असतो, प्रवासात बांधून ठेवण्यासाठी नव्हे. नाळेच्या कडीपासून ट्रेलरच्या चौकटीपर्यंत स्वतंत्र साखळी असावी आणि मागील बाजू पट्ट्यांनी खाली बांधलेली असावी. पट्टा लाकडी कडेवरून जात असेल, तर त्याखाली मऊ घडी ठेवावी. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या व्याख्येनुसार ट्रेलर हेही मोटार वाहनच आहे. त्यामुळे त्याच्या नोंदणीची चौकशी परिवहन कार्यालयात आधीच करावी.

पहिल्या प्रवासात दहा-पंधरा किलोमीटरवर थांबून चार गोष्टी तपासाव्यात : नाळ स्टॉपला टेकलेली आहे का, कणा मध्यरेषेवर आहे का, गाइड कोठे घासत आहेत का आणि स्टॉपच्या खांबाचे बोल्ट हलले आहेत का. गाइडवर ताजे वार्निश लागलेले दिसले, तर गाइड बदलण्यापूर्वी कण्याखालचा आधार पाहावा. बहुतेक वेळा दोष तेथेच सापडतो.