'यू आर'चा इतिहास

"सर, समोर माणूस एकच असतो. मग 'यू इज' का नाही? 'यू आर' का?"

प्रथम वर्षाच्या वर्गात हा प्रश्न दरवर्षी येतो. विचारणारा बहुधा खेड्यातल्या शाळेतून आलेला असतो आणि विचारताना ओशाळलेला असतो. शाळेत असताना हाच प्रश्न मीही विचारला होता. "तसंच असतं, पाठ कर," एवढेच उत्तर मिळाले आणि सारा वर्ग हसला. घरात विचारावे असे कोणी शिकलेले नव्हते. ते 'यू आर' मी निमूटपणे पाठ केले. आज ध्यानात येते, त्या प्रश्नात माणसाच्या दर्जाचा इतिहास दडलेला होता.

पूर्वीच्या इंग्रजीत एका माणसासाठी 'दाऊ' होता. 'यू' हे रूप अनेकांसाठी होते. तेराव्या शतकापासून फ्रेंच दरबारी रीतीचे वळण लागले आणि वरिष्ठ एकटा असला तरी त्याला अनेकवचनाने संबोधण्यात येऊ लागले. धन्याला 'यू', नोकराला 'दाऊ'. एकट्या पाहुण्याला आपण 'तुम्ही आलात' म्हणतो, तोच हा प्रकार. 'यू आर'मधला 'आर' हा त्या आदरार्थी बहुवचनाचा अवशेष आहे. 1603 साली सर वॉल्टर रॅले यांच्यावर राजद्रोहाचा खटला चालला, तेव्हा सरकारी वकील एडवर्ड कोक यांनी भर न्यायालयात त्यांना मुद्दाम 'दाऊ' म्हटले. अपमान करायला तेवढा एक शब्द पुरेसा होता.

या रीतीविरुद्ध बंड झाले ते धर्माच्या क्षेत्रातून. सतराव्या शतकाच्या मध्यास जॉर्ज फॉक्स यांच्या क्वेकर पंथाने ठरवले की ईश्वरापुढे सारे समान, म्हणून न्यायाधीश असो की मजूर, प्रत्येकाला 'दाऊ'च म्हणायचे. यापायी त्यांनी मार खाल्ला, शिव्या सोसल्या. 1660 साली फॉक्स यांनी दोन सहकाऱ्यांसह अनेक भाषांतील एकवचन-अनेकवचनाचे दाखले देणारा ग्रंथच काढला. व्याकरणाचा असा लढाऊ उपयोग क्वचितच कोणी केला असेल.

पण इंग्रजी भाषा दुसऱ्याच वाटेने गेली. सतराव्या शतकाच्या अखेरीस 'दाऊ' नित्याच्या बोलण्यातून मागे पडला. प्रार्थना, काव्य आणि काही बोली एवढ्यातच तो उरला. 'यू' सर्वांच्या वाट्याला आला. मग एकाला उद्देशून 'यू वॉज' म्हणणारेही निघाले. त्यात नामवंत लेखक होते. 1762 साली रॉबर्ट लाउथ यांनी आपल्या व्याकरणात ती चूक ठरवली. 1795 साली लिंडली मरे यांचे व्याकरण आले आणि असे नियम शाळाशाळांत पोचले. हे मरे स्वतः क्वेकर होते! म्हणजे आमच्या विद्यार्थ्याला पडणारी शंका एके काळी खुद्द इंग्रजांच्या जिभेवर होती.

आपल्याकडे 'दाऊ' गेला नाही. माझे आजोबा साठीचे असताना जमीनदाराचा शाळकरी पोरगा त्यांना 'तू' म्हणे, आणि आजोबा त्याला 'जी मालक' म्हणत. हे व्याकरण कोणत्याही पुस्तकात नव्हते, तरी सारे गाव ते बिनचूक बोलत असे. आईला आणि मित्रालाही आपण 'तू'च म्हणतो. पण परस्परांचा 'तू' हा जिव्हाळा असतो, एकतर्फी 'तू' ही सत्ता असते. 1913 साली बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात गेले, तेव्हा तिथल्या इंग्रजीत त्यांना संबोधायला एकच सर्वनाम होते, जे प्राध्यापकांनाही होते. भारतात मात्र त्याच इंग्रजीत साहेब वयस्क नोकराला 'बॉय' म्हणून हाक मारी. सर्वनाम समान झाले म्हणजे माणसे समान झाली, असा भाबडेपणा म्हणूनच नको.

तरीही या इतिहासातून एक गोष्ट घेण्यासारखी आहे. समतेच्या दोन वाटा दिसतात: मोठ्यांना 'तू'वर आणणे किंवा सर्वांना 'तुम्ही'वर नेणे. क्वेकरांनी पहिली धरली, भाषेने दुसरी. मी वर्गात प्रत्येक विद्यार्थ्याला 'तुम्ही' म्हणतो. सुरुवातीला मुले अवघडतात, मागे वळून बघतात, दुसरे कोणी आले आहे काय म्हणून. आठवड्याभरात सवय होते, आणि मग प्रश्न वाढतात.

'यू इज' का नाही, असे कोणी विचारले तर हसू नका. त्याला हे सारे सांगा.