‘नास्तिक’ हें सदर आणि पाटणची पोथी

हस्तलिखितांची यादी करतांना चार्वाक, बौद्ध व जैन ग्रंथ ‘नास्तिक’ या एकाच सदरांत घालण्याकडे पुष्कळांचा कल असतो. प्रस्तुत लेखकानेंही शाळेंत अनेक वर्षें ‘नास्तिक म्हणजे ईश्वर न मानणारा’ असाच अर्थ शिकविला. तो चुकीचा होता.

पाणिनीनें (४।४।६०) हा शब्द साधिला, तेथें ईश्वराचें नांवही नाहीं, काशिकाकार तेथें परलोक घेतात. मनूनें (२।११) वेदनिंदकास नास्तिक म्हटलें. म्हणून जैन हे काशिकेच्या अर्थानें आस्तिक, तर मनूच्या अर्थानें नास्तिक ठरतात! उलट कुमारिलभट्ट श्लोकवार्तिकांत जगत्कर्त्या ईश्वराचें खंडन करतो, आणि मीमांसेस आस्तिकमार्गावर आणण्यासाठींच आपला यत्न असल्याचें सांगतो. ग्रंथारंभीं त्याचें शिवपर मंगल आहे खरें; पण मंगलावरून मत ठरवूं नये, हें पोथ्या हाताळणारांस सांगावयास नको.

युरोपीय विभागणी ईश्वरावरच उभी आहे. ईश्वर नाहीं म्हणणारा निरीश्वरवादी. तें जाणतां येत नाहीं म्हणणारा अज्ञेयवादी (हा युरोपीय शब्द हक्स्लीनें १८६९ मध्यें घडविला). सृष्टि रचून ईश्वर अलिप्त राहिला असें मानणारा तटस्थेश्वरवादी. तो सृष्टीचें नियमनही करतो असें मानणारा सेश्वरवादी. उदयनाचार्य न्यायकुसुमांजलींत अनुमानानें ईश्वर साधतो, म्हणून त्यास तिसऱ्या वर्गांत घालण्याचा मोह होतो. परंतु त्याचा ईश्वर कर्मफलाशीं संबद्ध आहे, अलिप्त नव्हे.

खरी अडचण जयराशिभट्टाची. त्याच्या ‘तत्त्वोपप्लवसिंह’ ग्रंथाची ताडपत्री पोथी १९२६ मध्यें पाटणच्या जैन भांडारांत सांपडली व १९४० मध्यें गायकवाड प्राच्य ग्रंथमालेंत छापली गेली. त्यास सामान्यतः चार्वाक म्हणतात. परंतु चार्वाक प्रत्यक्ष तरी प्रमाण मानतो. हा तेंही टिकूं देत नाहीं. प्रमाणाचें लक्षणच सिद्ध नाहीं, तेथें प्रमेय कोठून? बृहस्पतीसही न सुचलेले विकल्प आपण मांडले, अशी त्याची प्रौढी आहे. अशा पुरुषास ‘ईश्वर नाहीं’ हें तरी ठामपणें कसें म्हणतां यावें?

आमच्या मतें तो दीघनिकायांतील संजय बेलट्ठिपुत्तास अधिक जवळचा. सामञ्ञफलसुत्तांत अजित केसकंबल परलोक साफ नाकारतो. संजय तो आहे असेंही म्हणत नाहीं आणि नाहीं असेंही म्हणत नाहीं. मात्र संजय उत्तर टाळतो; जयराशि उत्तराचें साधनच मोडतो.

तेव्हां यादींत नुसतें ‘नास्तिक’ न लिहितां ग्रंथकार वेद, परलोक, ईश्वर कीं प्रमाण यांपैकीं काय नाकारतो तें नोंदवावें. जयराशीच्या पोथीपुढें आम्ही ‘प्रमाण’ लिहूं.