टर्बोची जास्तीची ताकद येते कुठून? एका जुन्या मोहाचा इतिहास

परवा पुतण्या घरी आला. हातात मोबाईल, त्यात एका गॅरेजचं दरपत्रक. पठ्ठ्याने नुकतीच सेकंडहँड टर्बो पेट्रोल गाडी घेतलीय. आल्या आल्या विचारतो, "काका, ईसीयू रीमॅप करायचाय. स्टेज वन करू की डायरेक्ट स्टेज टू?"

म्हणलं, "आधी चहा घे. हा मोह तुझ्या जन्माच्या आधीपासूनचा आहे." त्याला जे सांगितलं तेच इथे लिहितोय. पोस्ट मोठी आहे, पण घरात टर्बो गाडी असेल तर वाचाच.

टर्बो म्हणजे काय, तर सायलेन्सरकडे वाया जाणाऱ्या गरम धुरावर एक चक्र फिरवायचं आणि त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या चक्राने इंजिनात जादा हवा कोंबायची. स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्युखी यांनी १९०५ साली याचं पेटंट घेतलं. जास्त हवा, जास्त इंधन, जास्त ताकद. पण दाबलेली हवा तापते, आणि पेट्रोल इंजिनात मिश्रण ठिणगीचं न ऐकता आपल्या मनाने पेटायला लागतं. हेच नॉकिंग. जोरात झालं तर पिस्टनचा निकाल लागतो.

१९६२ मध्ये अमेरिकेत ओल्डस्मोबिलने जेटफायर ही टर्बो गाडी आणली. नॉकिंग टाळायला गाडीत वेगळी टाकी दिली होती. तिच्यात पाणी आणि मिथेनॉलचं मिश्रण भरायचं. लोकांनी काय केलं असेल? बरोबर, भरायलाच विसरले! मग गाडी स्वतःच टर्बोचा दाब उतरवायची आणि गिऱ्हाईक 'ओढत नाही' म्हणून तक्रार घेऊन यायचं. पुढे कित्येक गाड्यांवरचा टर्बो काढूनच टाकला. म्हणजे, सगळी काळजी मालकावर सोडली की काय होतं हे पहिल्याच प्रयत्नात कळलं.

स्वीडनच्या साबने ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला वेगळी वाट धरली. इंजिनावर एक सेन्सर बसवला, तो नॉकिंग 'ऐकायचा' आणि लगेच टर्बोचा दाब कमी करायचा. पेट्रोल हलकं असो की भारी, गाडी स्वतः जुळवून घ्यायची. याच सुमारास इंजिन कॉम्प्युटर आला. बॉशची मोट्रॉनिक यंत्रणा १९७९ मध्ये बीएमडब्ल्यूत बसली. ठिणगी कधी द्यायची आणि पेट्रोल किती सोडायचं, दोन्ही एकाच डब्याच्या हातात गेलं. हाच आपला ईसीयू.

डबा आला आणि पाठोपाठ त्याला हात घालणारेही आले. तेव्हा सगळा हिशेब एका चिपमध्ये असायचा. ती उपटायची आणि बदललेल्या आकड्यांची दुसरी बसवायची. 'चिप ट्यूनिंग' शब्द तिथला. १९९६ पासून अमेरिकेत प्रत्येक नव्या कारला ओबीडी-२ सॉकेट सक्तीचं झालं. हेतू प्रदूषणावर लक्ष ठेवण्याचा. पुढे त्याच सॉकेटमधून लॅपटॉप लावून ईसीयू नव्याने लिहिता येऊ लागला. प्रदूषण पकडायला ठेवलेलं दार, आणि ट्यूनर आत शिरले तेही त्याच दारातून!

आपल्याकडे हे वेड कॉमन रेल डिझेलबरोबर आलं. तेव्हा 'ट्यूनिंग बॉक्स' मिळायचे. तो बॉक्स ईसीयूला खोटं सांगतो, की रेलमधला दाब कमी आहे. ईसीयू बिचारा दाब वाढवतो. दिवाणजीला खोटा हिशेब दाखवून तिजोरी उघडायला लावायची, तसलाच प्रकार. मीही एकेकाळी लावला होता, खोटं कशाला बोलू. महिनाभर हवेत होतो. मग गणपतीला कोकणात जाताना कशेडी घाटात क्लच घसरायला लागला. इंजिन ओरडतंय, गाडी जागची हलत नाही, जळका वास, मागे एसट्यांची रांग आणि शेजारी आई. जादा टॉर्क इंजिनाने दिला, पण तो पेलायचा क्लचला होता, आणि क्लचला कोणी विचारलंच नव्हतं.

आता या इतिहासातलं सगळ्यात मोठं प्रकरण. सप्टेंबर २०१५ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने फोक्सवॅगनला पकडलं. डिझेल गाड्यांच्या ईसीयूत असा प्रोग्रॅम होता, की स्टिअरिंग, वेग वगैरेंवरून चाचणी चालू आहे हे गाडी ओळखायची आणि तेवढ्यापुरती शहाण्यासारखी वागायची. रस्त्यावर आली की नायट्रोजन ऑक्साइड मर्यादेच्या ४० पटीपर्यंत. जगभरात सुमारे १ कोटी १० लाख गाड्या. आपल्या वेताळ टेकडीवरच्या एआरएआयने इथल्या गाड्या तपासल्या आणि कंपनीने भारतात ३,२३,७०० गाड्या परत बोलावल्या. इथला नियम मोडल्याचं कंपनीने मान्य केलं नाही. २०१९ मध्ये हरित लवादाने ५०० कोटींचा दंड ठोठावला, सुप्रीम कोर्टाने त्या कारवाईला स्थगिती दिली.

तेव्हा आपण सगळ्यांनी कंपनीला शिव्या घातल्या. आणि आज? 'ईजीआर ऑफ', 'डीपीएफ ऑफ', 'कॅट काढून डाउनपाइप' हे दरपत्रकावर उघड छापलेलं असतं. कंपनीने जे लपून केलं, ते आपण पैसे मोजून करतो आणि वर व्हिडिओ टाकतो. डिझेलच्या पीयूसीत फक्त धुराची दाटी बघतात, नायट्रोजन ऑक्साइड मोजतच नाहीत. त्यामुळे कागद स्वच्छ, आणि सिग्नलला शेजारी उभ्या स्कूटरवरच्या पोराच्या छातीत काय जातंय ते कोणाच्याच कागदावर नाही.

पुतण्या म्हणाला, "मग कंपनी मुद्दाम ताकद दाबून ठेवते ना?" ठेवते. पण ती शिल्लक आपल्यासाठीच असते. मे महिन्यातलं ऊन, आडगावच्या पंपावरचं साधं पेट्रोल, लांबलेली सर्व्हिसिंग, भरलेली गाडी आणि घाट, हे सगळं त्या शिलकीतून भागतं. रीमॅप म्हणजे ती शिल्लक आजच खर्च करणं.

मग त्याला एवढंच सांगितलं. स्टेज वन म्हणजे फक्त सॉफ्टवेअर. करायचंच असेल तर तिथेच थांब. ती फाइल कुठल्या ऑक्टेनसाठी लिहिलीय ते विचार, आणि ते पेट्रोल तुझ्या रोजच्या रस्त्यावर मिळतं का बघ. क्लच आणि गिअरबॉक्स किती टॉर्क पेलतो ते विचार. पोलो जीटी टीएसआयचं इंजिन १७५ न्यूटन मीटरचं, तिचा डीएसजी गिअरबॉक्स २५० पर्यंतचा. म्हणजे तिथेही छप्पर आहेच. मूळ फाइल जपून ठेवतात का, आधी आणि नंतर डायनोवर मोजून दाखवतात का, हे विचार. वॉरंटी आणि विम्याचं काय होईल, आरसीवरचा तपशील बदलतोय का, हेही बघ. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ त्यासाठीच आहे. स्टेज टूमध्ये कॅट काढायचा असेल, तर माझ्या दारात गाडी लावू नकोस.

जाताना म्हणाला, "काका, आधी क्लच चेक करून घेतो." म्हणलं, "कर. आणि कशेडीत माझी आठवण काढ, म्हणजे झालं."

तुमच्यापैकी कोणी रीमॅप केला असेल तर दोन वर्षांनंतरचा अनुभव कमेंटमध्ये लिहा. पहिल्या महिन्याचा नको, तो सगळ्यांचाच छान असतो.