बिस्किटाच्या पुड्यावरचं 'इन्व्हर्ट सिरप' म्हणजे अमेरिकेतली ती बदनाम मक्याची साखर आहे का?

डोंबिवली स्टेशनबाहेर चहासोबत बिस्किटाचा पुडा घेतलात, तर मागची बारीक अक्षरं वाचून बघा. अनेक पुड्यांवर 'इन्व्हर्ट सिरप' लिहिलेलं असतं. त्याचा फोटो काढून 'ही तीच मक्याची साखर' असं सांगणारे फॉरवर्ड फिरतात. ते चुकीचे आहेत. का, हे कळायला एका एन्झाइमची ओळख हवी.

त्याचं नाव ग्लुकोज आयसोमरेज.

ग्लुकोज आणि फ्रुक्टोज, दोन्हींत 6 कार्बन, 12 हायड्रोजन आणि 6 ऑक्सिजन. फरक फक्त मांडणीचा. लोकलच्या डब्यात माणसं तीच, पण ठाणं जवळ आलं की काही जण दाराकडे सरकतात, तसं. हे एन्झाइम ग्लुकोजमधला एक हायड्रोजन दुसऱ्या कार्बनवरून पहिल्यावर सरकवतं आणि फ्रुक्टोज तयार होतं. काही तुटत नाही, बाहेरून काही जोडलं जात नाही. गोडी मात्र बरीच वाढते.

गंमत म्हणजे ग्लुकोज हे त्याचं मूळ काम नाहीच. जिवाणूंमध्ये ते झायलोज नावाच्या साखरेवर काम करतं. ग्लुकोजवरही ते चालतं हे 1957 मध्ये समोर आलं. मग जपानमध्ये त्यावर मोठं काम झालं आणि 1967 च्या सुमारास अमेरिकेत मक्याच्या स्टार्चपासून गोड सिरप बनू लागलं. हेच हाय फ्रुक्टोज कॉर्न सिरप. 1984 पर्यंत तिथली मोठी कोल्ड्रिंक त्यावर गेली होती.

या एन्झाइमच्या संशोधनात पुण्याचंही नाव आहे बरं का. पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या एस. भोसले, माला राव आणि वासंती देशपांडे यांनी 1996 मध्ये त्यावर लिहिलेला आढावा लेख जगभरचे संशोधक संदर्भासाठी वापरतात.

आता इन्व्हर्ट सिरप. ते आपल्या नेहमीच्या साखरेपासून बनतं. आम्ल किंवा इन्व्हर्टेज हे वेगळंच एन्झाइम वापरून साखरेचा रेणू तोडला की अर्धं ग्लुकोज, अर्धं फ्रुक्टोज मिळतं. मधमाशीही मध करताना हेच करते. म्हणजे तिथे तोडणं, इथे नुसती फेरमांडणी. आपल्याकडे ऊस मुबलक, त्यामुळे मक्याचं सिरप इथे फारसं रुजलं नाही.

पण म्हणून इन्व्हर्ट सिरप निर्धास्त खावं असंही नाही. पोटात गेल्यावर दोन्ही सिरप आणि साधी साखर यांत फार फरक उरत नाही. फ्रुक्टोजने रक्तातली साखर लगेच चढत नाही, म्हणून 'डायबेटिसला चालतं' असं काही जण सांगतात. ते बहुतांश यकृतात जातं आणि जास्त झालं की तिथे त्याची चरबी होते. त्यामुळे घरात कुणाला डायबेटिस असेल तर सिरपच्या नावापेक्षा पुड्यावरचा 'ॲडेड शुगर'चा आकडा बघा. तो बहुतेकदा 100 ग्रॅममागे दिलेला असतो.